बर्फाचे घरगुती सिलिकोन साचे

हव्या त्या आकाराचा बर्फ पाडण्यासाठी घरी ओतून केलेले लवचिक साचे. अन्नासाठी प्लॅटिनम उत्प्रेरकाचे, अन्नयोग्य म्हणून विकले जाणारे सिलिकोनच घ्यावे. कथिलाचे स्वस्त असले तरी ते मूर्तिकामापुरते ठीक. सुरुवातीला मोदकासारखी रुंद बुडाची, निमुळती आकृती सोपी. तिचे बूड डब्याच्या तळाला चिकटवतात, सिलिकोनचे दोन्ही घटक सांगितलेल्या प्रमाणात मिसळतात आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओततात, म्हणजे पाकळ्यांच्या खाचांत हवा अडकत नाही. घट्ट झाल्यावर साचा उलटा केला की बुडाची जागा पाणी भरण्याचे तोंड होते. गंधकयुक्त माती किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले, तर सिलिकोन चिकटच राहते. फसलेल्या साच्यांमागे बहुधा हेच असते.

उष्णतेने मिश्रण लवकर घट्ट होते. त्यामुळे तांबड्या समुद्राकाठच्या राबिघसारख्या गावी उन्हाळ्यात हे काम वातानुकूलित खोलीतच करावे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते, म्हणून साचा काठोकाठ भरू नये. सिलिकोन फ्रीजरमधले वासही धरते. उघड्या मासळीशेजारी ठेवलेल्या साच्यातला बर्फ सरबतात घालण्याजोगा राहत नाही.