संगोपन आणि शिक्षण : सान लोरेन्झोपासून कोसबाडपर्यंत

मराठी शहरांत ‘मॉन्टेसरी’ हा शब्द आज एका विशिष्ट प्रकारच्या शिशुशाळेचे सामान्यनाम होऊन बसला आहे. सुबक लाकडी साधने, बेताची मुलेसंख्या आणि बहुधा इंग्रजी माध्यम, असे चित्र तो शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येते. याउलट ‘अंगणवाडी’ म्हटले की पूरक आहार, लसीकरण आणि वजनाचा काटा आठवतो. पहिल्या शब्दाशी शिक्षणाची आणि दुसऱ्याशी संगोपनाची सांगड लोकमानसात पक्की बसली आहे. वस्तुतः हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, आणि त्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या, किंबहुना मूळ स्त्रीच्या, कार्यात संगोपन व शिक्षण ही दोन कामे नव्हतीच. ती अलग कशी झाली, ती पुन्हा एकत्र आणण्याचा यत्न कोठे झाला, आणि त्यावरून शिशुशाळेचा दर्जा पारखण्याची कोणती कसोटी हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) यांनी रोम येथे १८९६ साली वैद्यकाची पदवी घेतली. बौद्धिक दृष्ट्या मागे पडलेल्या मुलांवर काम करीत असता इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांनी त्यांना इंद्रियशिक्षणाची दिशा दाखविली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. त्यामागील निमित्त मात्र शैक्षणिक नव्हते. एका गृहनिर्माण संस्थेने तेथील चाळींची डागडुजी केली होती. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले जिने व भिंती खराब करीत. तेव्हा दुरुस्तीवर जाणारा पैसा मुलांना एका खोलीत सांभाळण्यावर खर्चावा, असा तो हिशेब होता. भिंतींच्या रक्षणासाठी आरंभिलेल्या या योजनेचे रूपांतर मॉन्टेसरींनी मुलांच्या शिक्षणात केले, यातच त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म आहे.

या संस्थेचे नावही विचारपूर्वक ठेवलेले दिसते. इटलीत लहान मुलांच्या संस्थेस ‘आझिलो’, म्हणजे आश्रयस्थान, म्हणण्याचा प्रघात होता. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हा शब्द रूढ केला; आपले ‘बालोद्यान’ त्याचेच रूप होय. आश्रयस्थानात मूल राखले जाते, उद्यानात ते रोपट्यासारखे वाढविले जाते. दोन्ही रूपकांत कर्ता दुसराच कोणीतरी असतो. मॉन्टेसरींच्या संस्थेचे नाव ‘कासा देइ बांबिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’. या षष्ठीत मालकी आहे. घर मुलांचे, म्हणून ते झाडण्याचे, पुसण्याचे व नीटनेटके ठेवण्याचे कामही मुलांचेच.

मॉन्टेसरींच्या १९०९ सालच्या ग्रंथात दिलेले दिनमान या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. हिवाळ्यात बालगृह सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत उघडे असे. पहिल्या तासात नमस्कार, अंगाच्या स्वच्छतेची पाहणी, एकमेकांना एप्रन घालण्यास मदत, खोलीची आवराआवर आणि मग संभाषण. बौद्धिक अभ्यासाचा तास त्यानंतर. पुढे व्यायाम, भोजन, मोकळे खेळ, पुन्हा साफसफाई, मातीकाम, गाणी व झाडे-प्राणी यांची देखभाल. वजन व उंची यांची नियमित नोंद ठेवली जाई. संचालिकेने त्याच इमारतीत राहावे आणि आईने आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी मुलासंबंधी बोलावे, असा नियम होता. या दिनमानात संगोपन कोठे संपते आणि शिक्षण कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. हात धुणे हा आरोग्याचा नियम आहे, तसाच तो क्रमाचा, हातांच्या हालचालींचा आणि शब्दांचाही पाठ आहे.

हातरुमालाने आवाज न करता नाक कसे शिंकरावे, याचा एक पाठ मॉन्टेसरींनी मुलांना दिला आणि पाठ संपताच मुलांनी टाळ्या वाजविल्या, असा प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. ज्या गोष्टीवरून नेहमी बोलणी खावी लागत, ती कोणीतरी सन्मानाने शिकविली, हे त्या आनंदाचे कारण होते.

लेखनाची गोष्ट अशीच आहे. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्या अक्षराचा ध्वनी उच्चारीत मुले १९०७ च्या अखेरीस आपोआप लिहू लागली. इटालियन लिपी बव्हंशी उच्चारानुसारी असल्याचा लाभ येथे झाला, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घेतले पाहिजे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात मात्र स्वर नंतर येतो. सबब साधने आणली म्हणजे पद्धती आली, असे होत नाही.

आणि झाले ते नेमके हेच. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये निघाले आणि पद्धती सुखवस्तू घरांत शिरली. अशा घरांत अंघोळ, जेवण व कपडे यांची सोय आधीच असल्याने दिनमानाचा तो भाग अनावश्यक वाटला असावा. जे विकत घेता येते व पेटीत भरून पाठविता येते, ते साधन तेवढे पुढे गेले. शिशुशाळेचा दर्जा साधनांवरून मोजला जाऊ लागला.

भारतात या पद्धतीचा खरा अंगीकार गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत १९२० साली बालमंदिर काढून केला. मुलांचे सर्व काही आईप्रमाणे करणाऱ्या या शिक्षकास लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. संगोपन व शिक्षण यांचे अद्वैत त्या दोन शब्दांत आले आहे. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. स्वतः मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या. युद्धकाळात इटालियन नागरिक म्हणून त्यांचे चिरंजीव मारिओ काही काळ अहमदनगर येथे स्थानबद्ध होते.

तथापि सान लोरेन्झोचे मूळ सूत्र पुन्हा हाती आले ते १९४५ मध्ये, बोर्डी येथे. ताराबाई व अनुताई वाघ यांनी तेथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. श्रमिकांची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊमाखू घालणे येथे शाळेचेच काम ठरले. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया व खडे यांनी घेतली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी, ही तेथील दोन महत्त्वाची रूपे. अंगणात जाणे म्हणजे मुलाच्या बोलीतही जाणे होय. वारली बोलणाऱ्या मुलाशी संभाषण करावयाचे तर प्रमाण मराठीचा उंबरठा शिक्षिकेनेच ओलांडला पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. ‘एकात्मिक’ हे विशेषण योग्यच होते. पण योजनेत सहा सेवांची यादी झाली आणि शालापूर्व शिक्षण ही त्यांतील एक सेवा उरली. जी कामे एकाच कृतीत होती, ती नोंदवहीच्या निरनिराळ्या रकान्यांत गेली. काम करणाऱ्या स्त्रीस ‘शिक्षिका’ न म्हणता ‘सेविका’ म्हटले गेले, आणि तिला वेतनाऐवजी मानधन मिळाले. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २५ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे योजना सुरू झाल्यावर सेहेचाळीस वर्षांनी. संगोपन हे शिक्षणाहून हलके काम, ही समजूत अशा शब्दांतूनच टिकून राहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ या वयाचा एक पायाभूत टप्पा मानला आहे. वरची शाळा खाली सरकून तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल तेवढी देईल, की अंगणातले संगोपन वर चढून पहिली-दुसरीच्या वर्गांनाही व्यापील, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. वरील इतिहास या बाबतीत एक साधी कसोटी देतो. शिशुशाळेत साधने किती आहेत, अथवा आहार किती वाटला गेला, हे स्वतंत्रपणे मोजून तिचा दर्जा कळत नाही. मुलाचे हात कोण धुते, त्या वेळी त्याच्याशी कोण बोलते आणि कोणत्या भाषेत बोलते, हे पाहिले पाहिजे. मूल स्वतःचे हात स्वतः धूत असेल आणि शेजारी त्याची बोली जाणणारी, पुरेसे वेतन व पुरेसा वेळ असलेली शिक्षिका असेल, तर ती शाळा शहरात असो वा पाड्यावर, मॉन्टेसरींच्या घराण्यातली आहे. एरवी तिच्या पाटीवर कोणतेही नाव असले तरी ते नावापुरतेच.