अंबादेवीच्या दारात देवाची उलटतपासणी

अकोल्याच्या आमच्या अभ्यासवर्गात परवा एका पोराने सवाल टाकला, देव दयाळू असेल तर जगात एवढं दुःख कसं? दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, माणूस ते चुकीचं वापरतो, त्यात देवाचा काय दोष? उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं. आम्ही म्हटलं, तपासायला लांब कशाला, अमरावतीलाच जाऊ.

साल १९२७. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन झालं होतं, मनुस्मृतीचं दहन डिसेंबरात व्हायचं होतं. मध्ये, १३ नोव्हेंबरला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. मागणी अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाची. डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात सोबत होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी बाबासाहेबांना कळली. मंदिराच्या विश्वस्तांशी बोलणी व्हावी म्हणून सत्याग्रह लांबणीवर पडला.

आता सांगा, यात इच्छास्वातंत्र्य कुणाचं? दार बंद ठेवण्याचं स्वातंत्र्य आतल्याला, दुःख बाहेरच्याला. चूक एकाची आणि भोग दुसऱ्याला, तेही पिढ्यान् पिढ्या. बापाने हे चालू दिलं असतं तर आपण त्याला प्रेमळ म्हटलं असतं का? अडचण झाली की हीच मंडळी दुसरं उत्तर काढतात, मागच्या जन्माचं पाप. पण भोग आधीच ठरलेला असेल, तर मघाचं स्वातंत्र्य कुठे गेलं?

बुद्धांनी ही दोन्ही उत्तरं एकत्रच खोडली आहेत. अंगुत्तर निकायातलं तित्थायतन सुत्त मुद्दाम वाचा. सगळं सुखदुःख पूर्वकर्माने, ईश्वराच्या करणीने किंवा विनाकारण घडतं, अशी तीन मतं तिथे तपासली आहेत. कोणतंही मत धरलं तरी खून करणारा सुटतो, आणि काय करावं, काय करू नये याला अर्थ उरत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब ईश्वराविरुद्ध हाच मुद्दा मांडतात.

(आपल्याच वस्तीतही कापूस बुडाला की 'नशीब' म्हणतात. सावकार, भाव, बँक कुणालाच मग जाब द्यावा लागत नाही.)

वर्ग संपताना त्या दुसऱ्या पोराने विचारलं, "दादा, मग तेव्हाच दार उघडलं असतं तर देव दयाळू ठरला असता का?" आम्ही त्याला बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ला भाऊराव गायकवाडांना लिहिलेलं पत्र वाचायला दिलं. मंदिरप्रवेशाची चळवळ अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नव्हती, त्यांच्यात चेतना यावी म्हणून होती, असं त्यात स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवला झालं.