पाहुणा संगणक संथ का चालतो?

विंडोज तशीच ठेवून, तिच्यातच एक आभासी संगणक उभारून लिनक्स चालवून पाहता येते. मात्र पडद्यावरची खिडकी सरकवली की ती अडखळते आणि ‘लिनक्सच संथ’ असा निष्कर्ष निघतो. तो बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमची सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्र संगणकाचा भास करून देत होती. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी यासाठीची अट मांडली. पाहुण्या प्रणालीची यंत्राच्या नियंत्रणाशी संबंधित प्रत्येक आज्ञा अडून नियंत्रकाकडे यावी; बाकीच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर चालाव्यात.

आपल्या टेबलावरच्या संगणकांत ही अट पाळली जात नव्हती. पेंटियमच्या १७ आज्ञा तिच्यात बसत नाहीत, असे २००० साली दाखवण्यात आले. त्यामुळे १९९९ साली आलेल्या व्हीएमवेअरला पाहुण्याच्या आज्ञा चालण्यापूर्वी बदलून घ्याव्या लागत. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच सोय केली. काही संगणकांत ही सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते!

उरला पडदा. २०११ साली आलेले ग्नोम ३ चित्रे काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर सोपवते. पाहुण्याला तसे कार्ड मिळाले नाही, तर ते काम प्रोसेसरवर पडते. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, म्हणजे सुमारे १२.४ कोटी बिंदू झाले.

उपाय कोणता? खऱ्या कार्डाची नक्कल करण्याऐवजी पाहुण्याला ‘तू पाहुणा आहेस’ असे सांगावे. २००८ साली रस्टी रसेल यांनी मांडलेली व्हर्टआयओ पद्धत याच विचाराची आहे.

म्हणून आधी बायोस तपासावे. मग पाहुण्यासाठीचे खास ड्रायव्हर घालून त्रिमितीय ग्राफिक्सचा पर्याय सुरू करावा. तरीही भागले नाही, तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा. स्मृती देताना यजमान उपाशी राहणार नाही, हेही पाहावे.

विद्यार्थ्यांकडून हे बदल एकेक करून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी एकच काम घड्याळ लावून मोजावे. दोष लिनक्सचा की मांडणीचा, हे त्या आकड्यांवरून आपल्याला ठरवता येईल.