भाऊसाहेब खरंच मेले का?

कॅप्टन अमेरिका नेमका कुठल्या काळात म्हातारा झाला? ‘अ‍ॅव्हेंजर्स: एन्डगेम’च्या (2019) लेखकांचं आणि दिग्दर्शकांचंच यावर एकमत नव्हतं, मग वाशीमच्या पोरांचं कसं होणार!

हा वाद मराठीला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक भलत्याच जगात पोचतात. तिथे विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. आपलं जग मात्र पुसलं जात नाही, ते शेजारी चालूच असतं. एन्डगेममध्ये हल्क साधारण हेच समजावतो. (मला नारळीकरांचं जास्त पटतं.)

शेवटावरचा वाद तर त्याहून कितीतरी जुना, आणि तो पडद्यावरचा नव्हता. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, हे पुष्कळांना पटलंच नाही. पुढे एकजण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. लोक त्याच्यामागे गेले, फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. पेशवाई आधीच घरच्या भांडणानं पोखरलेली, त्यात हा. अखेर 1776 मध्ये तोतया ठरवून त्याला देहदंड दिला गेला.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र वैधव्य पत्करलंच नाही.