धुळीवर धुळीचा उतारा

पाटीवर श्रीगणेशा गिरवून ज्यांची अक्षरओळख झाली त्या आमच्या पिढीच्या कानांत पेन्सिलीची ती करकर अजून असेल. पेन्सिल येते कोठून, हा प्रश्न मात्र आम्हांस तेव्हा कधी पडला नाही. माळव्यात वाढलेल्यांना तरी तो पडावयास हवा होता. आपल्याच शेजारच्या मंदसौरात पाटीचा दगड यंत्राच्या करवतीवर कापून या पेन्सिली तयार होत, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर पांढऱ्या धुळीचा लोट येई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी या कामगारांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध केले. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्के लोकांना सिलिकोसिस झालेला आढळला.

सिलिकोसिस म्हणजे दगडातील सिलिकेच्या अतिसूक्ष्म कणांनी फुप्फुसाला पडलेले व्रण. श्वासाबरोबर खोल गेलेला कण गिळून टाकण्यास शरीरातील भक्षक पेशी धावतात. कण पचत नाही, पेशी मात्र मरते. पुन्हा दुसरी पेशी येते. या झटापटीत जखमेच्या खपलीसारखे कठीण तंतू तयार होतात व लवचिक फुप्फुस हळूहळू चामड्यासारखे घट्ट होत जाते. धुळीतून माणूस बाहेर काढला तरी रोग पुष्कळदा पुढे सरकतच राहतो. पडलेला व्रण पुसून टाकणारे औषध आजही उपलब्ध नाही.

ते शोधण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत. रोग श्वासावाटे आला, तर उतारही श्वासावाटेच द्यावा, हा विचार कोणाच्याही मनात सहज यावा असा आहे. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील सोन्याच्या खाणींत झाला, आणि औषधाची परीक्षा कशी होऊ नये याचा तो धडाच आहे.

ऑन्टॅरिओत १९२६ पासून सिलिकोसिस झालेल्या खाणकामगारास नुकसानभरपाई मिळू लागली होती. भरपाईचा बोजा वाढला तशी मालकांची चिंताही वाढली. टिमिन्स येथील मॅकिन्टायर खाणीतील धातुतज्ज्ञ डेनी, खाणीचे डॉक्टर रॉबसन आणि टोरंटो विद्यापीठातील संशोधक अर्विन या तिघांनी १९३७ साली एक प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. सशांना नुसती गारगोटीची धूळ हुंगविली तर फुप्फुसात व्रण पडतात; तीत धातुरूप अॅल्युमिनियमची थोडी पूड मिसळली तर ते पडत नाहीत, असे त्यांना दिसले होते. सिलिका शरीरातील द्रवात विरघळते व तेथून घात करते, अशी त्या वेळची समजूत होती. अॅल्युमिनियमचा पातळ लेप कणावर बसला की विरघळणे थांबते, हे स्पष्टीकरण तिच्याशी नेमके जुळत होते.

येथपर्यंत आक्षेपार्ह असे काही नाही. ससा हा प्रयोगाचा आरंभ असू शकतो. परंतु १९३९ साली मॅकिन्टायर संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९४३ पासून ही पूड खाणीखाणींत नियमाने दिली जाऊ लागली. काळसर रंगाची ही पूड बारीक दळलेले अॅल्युमिनियम व त्याचे ऑक्साइड यांची बनलेली असे. पाळी सुरू होण्यापूर्वी कामगार कपडे बदलण्याच्या खोलीत जमत. दारे बंद होत, दाबाच्या हवेने डब्यातील पूड खोलीत उडविली जाई, आणि दीर्घ श्वास घ्या असे सांगितले जाई. सुमारे दहा मिनिटे त्या काळ्या धुक्यात काढून मग माणसे खाली उतरत. ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. काम हवे असेल तर पूडही घ्यावयाची. एकट्या ऑन्टॅरिओतच किमान १०,००० कामगारांनी ती घेतली. अमेरिका, मेक्सिको व पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणींतही ती पोहोचली.

लाभ होतो की नाही हे ठरविणार कसे? पूड घेतलेल्यांत रोग कमी दिसला, तर त्याचे श्रेय पुडीला द्यावयाचे, की त्याच वर्षांत खाणींतील वायुवीजन सुधारले आणि कोरड्या छिद्रणाऐवजी पाण्याचा वापर वाढला, त्याला द्यावयाचे? शिवाय हा रोग दिसू लागण्यास दहा-वीस वर्षे लागतात. आज श्वास घेणाऱ्याचे फलित पुढच्या पिढीचा डॉक्टर पाहणार. रोग जडलेल्या काही कामगारांना पुडीनंतर दम कमी लागतो असे वाटले. पण आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्यानेही रोग्यास बरे वाटते, हे आपल्या घरातील वैद्यांनाही ठाऊक होते.

यावर उपाय एकच: तुलना. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४७ साली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा घेताना कोणा रोग्यास औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता बंद पाकिटांतील क्रमावर सोपविले. या परीक्षेची आखणी करणारे ब्रॅडफर्ड हिल हे स्वतः तरुणपणी क्षयाने अंथरुणास खिळले होते. तुलनेची हीच दृष्टी ब्रिटनमध्ये अॅल्युमिनियमच्या पुडीला लागू झाली. कुंभारकामातील सिलिकोसिसचे व कोळशाच्या खाणीतील रोगी घेऊन, काहींना खरी पूड तर काहींना गुणहीन पूड देण्यात आली. १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खरी पूड घेणाऱ्यांना विशेष लाभ नाही.

प्रकरण येथे संपावयास हवे होते. ऑन्टॅरिओत ते त्यानंतर आणखी २३ वर्षे, १९७९ पर्यंत चालले.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचे फारसे नवल वाटत नाही. एखादी बाब एकदा शिरस्त्यात शिरली की तिच्या उपयुक्ततेचा पुरावा कोणी मागत नाही. ती बंद करण्यासाठी मात्र पुराव्यांची थप्पी लागते. फाइलीवर ‘पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे’ असे लिहिताना कोणाचा हात थरथरत नाही. आमचाही थरथरला नसावा. शिवाय पूड स्वस्त होती. खडक फोडताना धूळच उडू नये अशी व्यवस्था करणे, उडालेली ओढून घेणारी यंत्रे बसविणे, हे खर्चाचे काम. पुडीमुळे काहीतरी केल्याचे समाधान अल्प मोलात मिळत होते.

नंतरची हकीकत अधिक कटू आहे. पूड घेतलेल्या खाणकामगारांच्या बुद्धीच्या चाचण्या इतरांपेक्षा उण्या आल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे, कंपवाताने ग्रासलेल्या एका खाणकामगाराच्या मुलीने जुन्या कामगारांचा शोध घेऊन त्यांच्या नोंदी जमविण्यास आरंभ केला. जे काम प्रतिष्ठानाने अथवा सरकारने करावयाचे, ते एका लेकीने केले. २०२० सालच्या अभ्यासात पूड घेतलेल्यांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, प्रमाण अधिक आढळले. २०२२ च्या जानेवारीत ऑन्टॅरिओने तो या पुडीशी निगडित व्यावसायिक रोग म्हणून मान्य केला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी प्रांताच्या कामगारमंत्र्यांनी विधिमंडळात माफी मागितली. ज्यांची मागावयाची त्यांतील बहुतेक तोवर हयात नव्हते.

यावरून श्वासावाटे औषध देण्याची कल्पनाच खोटी, असे कोणी समजू नये. औषध थेट फुप्फुसात पोहोचले तर उरलेल्या देहास त्याचा ताप कमी, हा हिशेब आजही पटण्याजोगा आहे. फुप्फुसाला विनाकारण, म्हणजे कारण सापडत नाही अशा रीतीने, व्रण पडत जाण्याचा एक रोग आहे. त्यावर २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब ही तोंडाने घ्यावयाची औषधे ऱ्हासाचा वेग मंदावतात. थांबवीत नाहीत, आणि पोटाला बरीच बाधतात. म्हणून श्वासावाटे द्यावयाच्या ट्रेप्रोस्टिनिल या औषधाची परीक्षा झाली. प्रथम, व्रणांमुळे फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या ३२६ रोग्यांवर. तिचे निष्कर्ष २०२१ साली आले व त्या वर्षी अमेरिकेत त्या उपयोगास मान्यता मिळाली. नंतर वरील अकारण रोगाच्या सुमारे ६०० रोग्यांवर. वर्षभर काहींनी खरे औषध ओढले, काहींनी नुसता गुणहीन फवारा. कोणाच्या हाती काय आहे हे रोग्यास कळत नव्हते, त्याच्या डॉक्टरासही नाही. वर्षाअखेर प्रत्येकाने जोराने सोडलेला श्वास मोजला. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला दोन गटांतील फरक सुमारे ९५ मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या एका लहान पेल्याएवढा होता.

एवढासा फरक खरा की भास, हे सांगता यावे म्हणून ही सारी यातायात. टिमिन्सच्या त्या बंद खोलीत छत्तीस वर्षांत असा पेला मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही. आणि आताच्या परीक्षेत भाग घेणारा प्रत्येक रोगी, मला खरे औषध न मिळण्याचाही संभव आहे, हे समजून घेऊन सही करतो. वाटेल तेव्हा बाहेरही पडू शकतो.

मंदसौरच्या कामगारांसाठी मध्य प्रदेशाने १९८२ साली कायदा करून कल्याण निधी उभारला. तेथे जो रोग होतो, तो या नव्या परीक्षेत नव्हता.