बातमीचें मोल : चाकण ते खडकी

लढाईंत तोफेनें काय केलें हें सांगणें सोपें असतें. पडलेली भिंत समोर दिसते. बातमीनें काय केलें हें मात्र दिसत नाहीं. हेर वेळेवर आला म्हणून जीं माणसें वांचलीं त्यांची गणती कोणत्या दफ्तरांत सांपडणार? तरीहि ही गणती करण्याची हौस आजच्या सेनाधिकाऱ्यांना फार आहे, आणि ती अगदींच निरर्थक आहे असें मला वाटत नाहीं. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या हवाई दलानें यासाठीं एक मोठी चांचणी घेतली. एफ-१५ जातीचीं विमानें लुटुपुटीच्या लढाईंत उतरविलीं. कांहीं वैमानिकांना रेडिओवरून एकमेकांशीं बोलण्यापुरतीच सोय होती. इतरांच्या पुढ्यांतील पडद्यावर सोबतच्या विमानांना दिसणारें सारें चित्र आपोआप उमटे. बारा हजारांवर उड्डाणें झालीं. तोंडी निरोपांवर विसंबणारे वैमानिक दिवसाच्या झुंजींत आपलें एक विमान गमावून शत्रूचीं सरासरी ३.१० पाडीत, चित्र पाहणारे ८.११ पाडीत. विमान तेंच, अस्त्रें तींच. फरक केवळ बातमीचा, आणि तो अडीचपटींहून अधिक!

इतिहासांत अशी सोय नाहीं. एकच लढाई एकदां हेरांसह व एकदां हेरांवांचून लढून कोणी दाखवीत नाहीं. परंतु आज पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांमुळें जो मुलूख ओळखला जातो, त्याच्या अंगाखांद्यावर तीन वर्षांच्या आंतबाहेर असे तीन प्रसंग घडले कीं, ते शेजारीं शेजारीं मांडले असतां कांहीं हिशेब हातीं लागतो. तिन्ही प्रसंगीं एका बाजूस शाएस्तेखान व त्याची फौज, आणि दुसऱ्या बाजूस शिवाजीमहाराज व त्यांचे लोक आहेत.

पहिला प्रसंग चाकणचा. इ. स. १६६० च्या मे महिन्यांत खान पुण्यास आला आणि २१ जूनला त्यानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. हा किल्ला डोंगरी नव्हे, भुईकोट, भोंवतीं खंदक. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. पावसाळ्याचे दिवस, चहूंकडे चिखल, आणि बाहेर बादशाही तोफखाना. अखेरीस मोंगलांनीं भुयार खणून ईशान्येच्या बुरुजाखालीं सुरुंग नेला व १४ ऑगस्टला तो उडविला. बुरूज गेला, तरी आंतील लोक त्या दिवशीं हटले नाहींत. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. छपन्न दिवस लागले. जदुनाथ सरकारांनीं मोंगलांच्या बाजूची हानि २६८ ठार व ६०० जखमी अशी दिली आहे. एका भुईकोटासाठीं ही किंमत जबर होती.

मी शाळेंत इतिहास शिकवीत असतां हा पाठ आला कीं कोणी ना कोणी मुलगा हमखास विचारी, महाराजांना चाकणची खबर नव्हती काय? प्रश्न चांगला आहे, पण खबरेपाशीं तो थांबतो हा त्यांतील दोष. महाराज त्या वेळीं सिद्दी जौहरच्या वेढ्यांत पन्हाळ्यावर अडकले होते. १३ जुलैच्या सुमारास ते तेथून निसटून विशाळगडाकडे गेले. त्यानंतरहि चाकण महिनाभर झुंजत होतें. परंतु एकीकडे विजापूरकर उभे असतां उघड्या मैदानांत मोंगलांशीं गांठ घालण्याइतकें बळ त्यांच्यापाशीं मोकळें नव्हतें. हात बांधलेल्या माणसाला घरांत चोर शिरल्याची वर्दी दिली म्हणून काय होणार? बातमीची किंमत करावयास बसलेल्यानें चाकणचा आंकडा आधीं शून्यापाशीं मांडला पाहिजे.

दुसरा प्रसंग लगेच पुढच्या फेब्रुवारींतला, इ. स. १६६१ चा. खानाचा सरदार कारतलबखान कोंकणांत उतरण्यासाठीं पुण्याहून निघाला. परमानंदाच्या शिवभारतांत त्याची वाट दिली आहे : चिंचवड, तळेगांव, वडगांव, मळवली, आणि पुढें लोहगडाच्या दक्षिणेकडून घाट. ही वाट आज रेल्वेनें जाणाऱ्या प्रत्येकास ओळखीची आहे. एवढी फौज चिंचवडावरून गेली आणि ती कोठें चालली आहे हें मावळांत कळलें नाहीं, असें होणें शक्य नव्हतें. घाटाखालीं उंबरखिंडीच्या दाट अरण्यांत महाराजांची माणसें आधींच दबा धरून होतीं. पुढें वाट बंद, मागें नेताजी, आणि फौजेला पाणी नाहीं. रायबागन ही शूर बाई खानाबरोबर होती. तिनें शरण जाण्याचा सल्ला दिला व खानानें तो मानला. सामानसुमान टाकून फौजेनें जीव वांचविला. येथें आंकडे मांडण्यासारखी लढाई फारशी झालीच नाहीं, आणि म्हणूनच हा प्रसंग मोजणाऱ्यास चकवतो. प्रेतें मोजून बातमीचें मोल ठरवूं म्हटलें तर उंबरखिंड हलकी ठरेल!

तिसरा प्रसंग सर्वांच्या तोंडीं आहे. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमझानचा महिना, लाल महाल. महाराजांचें बाळपण त्या वाड्यांत गेलेलें, त्यामुळें भिंती त्यांना पाठ होत्या. पण खानानें आंत काय फेरफार केले, स्वयंपाकघराकडील कोणतें दार विटामातीनें बुजविलें, दिवसभराच्या उपवासानंतर चाकर केव्हां निजतात, छावणींत कोणाला हटकतात व कोणाला सोडतात, हें सारें ताजें कळणें जरूर होतें. सुमारें चारशें निवडक लोक छावणींत शिरले. खानाचा मुलगा, एक सरदार व सुमारें चाळीस चाकर ठार झाले, अंधारांत कांहीं बायकाहि मारल्या गेल्या, आणि खान हाताचीं बोटें गमावून वांचला. मराठ्यांचे सहा मेले, चाळीस जखमी झाले. हे आंकडेहि सरकारांचेच.

आतां हल्ला करणाऱ्या बाजूचा खर्च शेजारीं मांडा. चाकणला खानाच्या लोकांनीं छपन्न दिवस आणि ८६८ माणसें खर्चून एक किल्ला घेतला. लाल महालांत महाराजांच्या लोकांनीं एक रात्र आणि ४६ माणसें खर्चून दक्षिणेचा सुभेदारच उखडला. औरंगजेबानें त्याची रवानगी बंगालला केली. कोणी म्हणेल, ही तुलना सरळ नाहीं. किल्ला आणि वाडा एक नव्हेत, आणि धाडस हें बातमींतून उत्पन्न होत नाहीं. आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ८६८ ला ४६ नें भागून कोणी बातमीचा भाव काढूं नये. मात्र त्या बुजविलेल्या दाराची माहिती वजा केली तर उरलेलें धाडस भिंतीबाहेरच राहिलें असतें, एवढें निश्चित.

या यशाचें सारें श्रेय बहिर्जी नाइकास देऊन मोकळें होण्याची आपणांस संवय आहे. सभासदाच्या बखरींत त्याचें नांव येतें तें सुरतेच्या प्रसंगीं. त्याच्या वेषांतराच्या सुरस कथा वाचाव्यात, पण त्यांवर हिशेब मांडूं नये. वाटेंतले पाटील, गुराखी, बाजारकरी, पाणी भरणारे, अशा शेंकडों निनांवी लोकांनीं विणलेलें जाळें एका नांवाखालीं झांकून जातें.

तेंच जाळें पुढें दुसऱ्याच्या हातीं गेलें. इ. स. १८१७ मध्यें बाजीरावाचे बेत पुण्यांत शिजत आणि त्यांचा वास संगमावरील एल्फिन्स्टनच्या बंगल्यापर्यंत पोंचे. बाळाजीपंत नातूंसारखीं माणसें त्याला मिळालीं होतीं. कंपनीचे शिपाई फोडण्याची पेशव्यांची खटपटहि त्याला कळली. मुंबईहून गोऱ्यांची पलटण येतांच १ नोव्हेंबरला त्यानें फौज शहराजवळून हलवून खडकीस नेली. ५ तारखेस लढाई जुंपली तेव्हां दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण येऊन मिळाली. कंपनीकडे सुमारें २,८०० लोक. पेशव्यांचे सुमारें अठरा हजार स्वार व आठ हजार पायदळ. कंपनीचे मेलेले व जखमी मिळून ८६. मराठ्यांची हानि पांचशेंच्या घरांत. बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें.

एल्फिन्स्टनची फौज त्या चार दिवसांत शहराजवळच राहिली असती तर काय झालें असतें, हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण ती तेथें राहिली नाहीं, हें बातमीचें काम होतें. मात्र त्याच्या हेरांनाहि सर्व ठाऊक नव्हतें. बापू गोखल्यांनीं स्वार घातले ते इंग्रजांच्या डाव्या बगलेसमोर एका दलदलींत फसले, घोडे रुतले, कोसळले. त्या लढाईंत हजर असलेला ग्रँट डफ लिहितो कीं, ती दलदल तेथें आहे हें दोन्ही पक्षांस ठाऊक नव्हतें. इंग्रजांस नसावें हें समजूं शकतें. जमीन पेशव्यांची होती, आणि शहर तेथून हाकेच्या अंतरावर होतें.