निवृत्ती, मद आणि पिशवी : रजोनिवृत्तीतील संप्रेरक-चिकित्सा व मराठी शब्द

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या शोधास जे स्थान मिळते, ते त्या औषधांच्या व विकारांच्या नावांस सहसा मिळत नाही. नावे ही नंतर चिकटविलेली चिठ्ठी होय, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु काही विकार असे आहेत की, रुग्णाने ते शब्दांत सांगितल्यावाचून वैद्यास त्यांचा पत्ताच लागत नाही. ज्वर हातास लागतो, सूज डोळ्यांस दिसते. रजोनिवृत्तीच्या आगेमागे स्त्रीची कामेच्छा मंदावली, तर ती मात्र केवळ तिच्या बोलण्यातूनच कळते. अशा प्रसंगी तिच्या भाषेत त्यासाठी कोणता शब्द आहे, हा प्रश्न चिकित्सेच्या बाहेरचा राहत नाही.

प्राचीन परंपरेत रजोनिवृत्तीची जाणीव स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. अमरकोशाने अशा स्त्रीस 'निष्कला' हे नाव नोंदविले आहे. मात्र ही अवस्था तेथे विकार मानलेली नाही आणि तिच्यावर उपचारही सांगितलेला नाही. उलट आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग, वाजीकरण, कामशक्तीस वाहिलेले आहे. पण त्याचा रुग्ण पुरुष आहे. चरकाने तर हर्ष देणारी स्त्री हेच सर्वश्रेष्ठ वाजीकरण म्हटले आहे. म्हणजे या शास्त्रात स्त्रीस औषधाचे स्थान मिळाले, रोग्याचे मिळाले नाही. (विदर्भाच्या जुन्या गद्याचा परिचय असलेल्या वाचकास येथे चक्रधरांचे स्मरण होईल. स्त्रीचा विटाळ हा शरीराच्या इतर मलांसारखाच एक, अशी त्यांची भूमिका महानुभाव परंपरेने जतन केली आहे. तेवढा मोकळेपणाही पुढच्या मराठी गद्यात टिकला नाही.)

'रजोनिवृत्ती' व 'ऋतुनिवृत्ती' हे शब्द आधुनिक वैद्यकाच्या संपर्कानंतर रूढ झाले. त्यांच्यासमोर असलेला पाश्चात्त्य शब्दही फार जुना नव्हे. गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ साली त्याचे पहिले रूप योजिले व १८२१ साली त्यास आजचे 'मेनोपॉज' हे वळण दिले. त्यातील पूर्वपद ग्रीक असून त्याचा अर्थ महिना, आणि ते आपल्या 'मास' शब्दाचे सगोत्र आहे. उत्तरपदाचा अर्थ थांबणे. महिना थांबला, एवढेच तो शब्द सांगतो. घरोघरच्या स्त्रिया 'पाळी गेली' किंवा 'बंद झाली' म्हणतात, त्यातही याहून अधिक काही नाही. परिभाषाकारांनी मात्र 'थांबणे' यासाठी 'निवृत्ती' योजिली, आणि या शब्दाच्या पाठीमागे प्रवृत्तिनिवृत्तीच्या साऱ्या चर्चेचे ओझे आहे. त्यात 'रज' हा शब्द द्व्यर्थी. तो आर्तवाचा वाचक आहे तसा रजोगुणाचाही. तेव्हा रजोनिवृत्ती म्हणजे रक्तस्राव थांबणे, हा अर्थ अभिप्रेत असूनही रजोगुण शमणे, विषयांतून मन काढून घेणे, हा अर्थ त्यास आपोआप चिकटतो. पन्नाशीच्या स्त्रीने देवाधर्माकडे वळावे ही सामाजिक अपेक्षा शब्दामुळे निर्माण झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या अपेक्षेला शास्त्रीय शब्दाची साक्ष मिळाली, एवढे खास.

संप्रेरकांचा शोधही आरंभी पुरुषाच्याच चिंतेतून झाला. १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व आपले तारुण्य परतल्याचे पॅरिस येथे जाहीर केले. १८९६ च्या सुमारास जर्मन वैद्यांनी अंडाशये काढलेल्या स्त्रियांस अंडाशयाचा अर्क देऊन पाहिला. १९०५ साली स्टार्लिंगने लंडनमधील व्याख्यानांत 'हॉर्मोन' हा शब्द योजिला. त्याचे ग्रीक मूळ 'प्रवृत्त करणे' असे असल्याने मराठीतील 'संप्रेरक' हे भाषांतर अत्यंत समर्पक ठरते. येथे भाषांतरकाराच्या हातून काही निसटले नाही.

पुढच्या शब्दाबाबत असे म्हणता येत नाही. १९२३ साली ॲलन व डॉयझी यांनी अंडाशयातील द्रव्य ओळखण्याची कसोटी शोधली. ती उंदरांवर होती. द्रव्य टोचल्यावर मादी माजावर येते काय, हे पाहावयाचे. १९२९ साली त्या वर्गातील पहिले द्रव्य शुद्ध रूपात हाती आले आणि वर्गास 'इस्ट्रोजेन' हे नाव पडले. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ गोमाशी. गोमाशीने डसलेल्या गाईप्रमाणे सैरावैरा धावणे, त्यावरून उन्माद, व त्यावरून मादीचा माज, असा त्या अर्थाचा प्रवास आहे.

या शब्दाचे मराठीकरण समजून घ्यावयाचे तर नागपुरातील एका मोठ्या उद्योगाची आठवण करावी लागते. डॉ. रघुवीर यांनी १९४६ साली आपली संस्था लाहोरहून येथे आणली आणि पुढची सुमारे दहा वर्षे भारतीय भाषांसाठी शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे काम नागपुरात चालले. नागपूर त्या वेळी हिंदी व मराठी या दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते. येथील वैद्यकीय महाविद्यालयही १९४७ चेच, जरी तेथील शिक्षण इंग्रजीतून होत असे. रघुवीरांची पद्धती निःसंदिग्ध होती. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांतून हवा तो शब्द सिद्ध करता येतो, आणि परकी शब्द उसना घेण्याचे कारण नाही. मूलद्रव्यांनाही त्यांनी 'उदजन', 'प्रांगार', 'भूयाति' अशी नावे दिली. मराठीने ती नावे फारशी स्वीकारली नाहीत. परंतु पाश्चात्त्य शब्दाची फोड करावी आणि प्रत्येक अवयवास संस्कृत प्रतिशब्द लावावा, ही रीत केवळ त्यांची नव्हती. ती साऱ्या परिभाषाकारांची होती. याच रीतीने मराठी विश्वकोशात इस्ट्रोजेनसाठी 'स्त्रीमदजन' व अँड्रोजेनसाठी 'पौरुषजन' हे शब्द आढळतात.

'स्त्रीमदजन' हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष शब्द आहे. दोष आहे तो त्याच्या यथार्थतेत. संस्कृत 'मद्' धातूपासून प्राकृत 'मज्ज', व त्यापासून मराठी 'माजणे', 'माज'. गाय माजावर येते, तोच हा माज. मनुष्याच्या बाबतीत मराठीत 'माज' म्हणजे उद्दामपणा. तो चढतो आणि दुसऱ्याने तो उतरवावयाचा असतो. ग्रीक शब्दातील गोमाशी इंग्रजी बोलणाऱ्यास ऐकू येत नाही. मराठी बोलणाऱ्यास 'मद' स्वच्छ ऐकू येतो. शिवाय ज्या गुणावरून हे नाव पडले तो गुण मानवी स्त्रीत तसा नाहीच. तिच्या इच्छेस ऋतूचे असे बंधन नसते. इस्ट्रोजेनचे वास्तविक कार्य पाहता, रजोनिवृत्तीनंतर ते घटल्याने योनिमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी जळजळ व वेदना होते, आणि वेदनेच्या भयाने इच्छाही मागे सरते. यावर इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम किंवा गोळी गुणकारी ठरते. पण ते मद उत्पन्न करते म्हणून नव्हे, दुखणे थांबविते म्हणून.

'पौरुषजन' या शब्दाने याहून मोठा घोटाळा केला. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन हाती आले. थोड्याच वर्षांत अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते इतर तक्रारींसाठी स्त्रियांस देऊन पाहिले, आणि त्यांपैकी काहींनी कामेच्छा वाढल्याचे आपण होऊन सांगितले. सॅमन व गाइस्ट यांनी १९४३ साली याविषयी लेख लिहिला. ग्रीनब्लॅट यांनीही त्याच सुमारास तेच निरीक्षण मांडले. त्या काळच्या मोठ्या मात्रांमुळे आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे असे परिणाम दिसत, आणि द्रव्य 'पुरुषी' असल्याची समजूत त्यामुळे दृढ झाली. वस्तुतः ते स्त्रीच्या अंडाशयात व अधिवृक्क ग्रंथीतही तयार होते. तरुण स्त्रीच्या रक्तात ऋतुचक्राचा बहुतेक काळ मुख्य इस्ट्रोजेनाहून त्याचेच प्रमाण अधिक असते. विशीनंतर ते हळूहळू उतरत जाते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत ते एकाएकी कोसळत नाही. अंडाशये काढल्यास मात्र सुमारे निम्म्याने घटते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

याच काळात मराठीत काय घडत होते? र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून मुंबईतून निघत होते. कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे मत तेथे उघडपणे मांडले जाई, आणि वाचकांच्या खासगी प्रश्नांस उत्तरे दिली जात. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो दुसरा खटला झाला, तो या उत्तरांवरूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. मासिक लैंगिक विषयास वाहिलेले असताना त्या विषयाच्या प्रश्नाचे उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे यांस २०० रुपये दंड झाला. न्यूयॉर्कमधील स्त्री वैद्यास आपणहून सांगत होती ती गोष्ट मराठीत लिहून विचारणे व छापून सांगणे दंडास पात्र ठरत होते, हा या इतिहासातील विरोध नजरेआड करण्याजोगा नाही. १९५३ साली कर्वे वारले आणि मासिकही त्याच वर्षी थांबले.

त्यानंतरचा पाश्चात्त्य इतिहास सुपरिचित आहे. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन वैद्याच्या पुस्तकाने रजोनिवृत्ती हा न्यूनताजन्य रोग ठरविला व चिरतारुण्याचे आश्वासन दिले. १९७५ साली, प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाची जोड न देता दिलेल्या इस्ट्रोजेनामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दिसून आले. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणी स्तनाचा कर्करोग व हृदयविकार यांच्या भयाने मध्येच थांबविण्यात आली, आणि त्यानंतर या चिकित्सेचा वापर झपाट्याने घटला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत चिकित्सा सुरू केल्यास लाभहानीचा हिशेब बराच निराळा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. तोवर एक पिढी उपचारावाचून गेली होती.

कामेच्छेसाठी टेस्टोस्टेरॉन द्यावे काय, याविषयी २०१९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्रित निवेदन काढले. रजोनिवृत्तीनंतर इच्छा मंदावली असेल आणि त्याचा स्त्रीस स्वतःस क्लेश होत असेल, तरच ते द्यावे. अन्य कोणत्याही हेतूस पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्याच वर्षी ३६ चाचण्या व ८,४८० स्त्रिया यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळलेला लाभ होता महिन्यास एकाहून किंचित कमी अधिक समाधानकारक प्रसंग. लाभ आहे, पण जाहिरातीत शोभेल असा नाही. बहुतेक देशांत स्त्रियांसाठी म्हणून मान्यता पावलेले टेस्टोस्टेरॉन मिळत नाही. पुरुषांसाठीच्या जेलचा लहानसा अंश वापरला जातो, आणि रक्तातील प्रमाण पुन्हापुन्हा तपासावे लागते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या निवेदनातील कळीचे पद 'क्लेश' हे आहे. नवरा तक्रार करतो म्हणून निदान होत नाही. रक्त तपासूनही होत नाही. स्त्रीस एक प्रश्नावली देऊन 'इच्छा' किती, व तिच्या अभावाचे दुःख किती, हे विचारले जाते. मराठीत कोणता शब्द घालावा? 'कामेच्छा' पुस्तकी आहे. 'वासना' हा शब्द उच्चारताच निंदा येते. नुसती 'इच्छा' म्हटले तर कशाची, हा प्रश्न उरतो. बोलताना स्त्रिया 'मन होत नाही', 'नको वाटतं' असे नकारार्थी प्रयोग करतात. मन 'होत होते' असे होकारार्थी सांगण्यास मात्र त्यांच्याकडे निःसंकोच वाक्य नाही. जे होते ते सांगता येत नसेल, तर ते गेल्याची मोजणी अवघड. समोरचा 'आता वय झालं' म्हणतो आणि संभाषण संपते.

शब्दाच्या अभावाचे याहून गंभीर उदाहरण शस्त्रक्रियेच्या संदर्भात सापडते. माँट्रियल येथील बार्बरा शर्विन यांचे १९८५ चे संशोधन अंडाशये काढलेल्या स्त्रियांवर होते. युरोपात २००६ साली मान्य झालेली टेस्टोस्टेरॉनची पट्टीही गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांपुरतीच होती. अमेरिकेने ती २००४ सालीच दीर्घकालीन सुरक्षिततेच्या शंकेवरून नाकारली होती, आणि २०१२ साली ती युरोपच्या बाजारातूनही गेली. म्हणजे अंडाशये आहेत की नाहीत, यावर साऱ्या चिकित्सेची मांडणी अवलंबून आहे. मराठीत, नागपुरात काय आणि मराठवाड्यात काय, या शस्त्रक्रियेचे रूढ नाव एकच : 'पिशवी काढली'. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतील पुष्कळजणी रजोनिवृत्तीच्या वयाच्या कितीतरी अलीकडे होत्या.

'पिशवी' या शब्दात गर्भाशय येते. अंडाशयास बोलीत वेगळे नावच नाही. 'अंडाशय', 'बीजकोश', 'बीजांडकोश' असे तीन शब्द ग्रंथांत नांदतात आणि एकही स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला नाही. म्हणून अशा स्त्रीस दहा वर्षांनी वैद्याने विचारले की, पिशवीबरोबर आणखी काय काढले, तर तिला उत्तर ठाऊक नसते. कारण ज्यास नाव नाही ते काढले की ठेवले, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्याजवळ शस्त्रक्रियेचा कागद असलाच तर तो इंग्रजीत असतो. परिभाषाकारांनी ज्या 'स्त्रीमदजना'ची इतकी काळजी वाहिली, ते द्रव्य ज्या अवयवात तयार होते त्याचे बोलीतील नाव कोणत्याही कोशाच्या योजनेत नव्हते.